प्रवाशाचा परवाना आणि परदेशची चाकरी

केवळ पर्यटनाच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यांत गेलेल्या मनुष्यानें तेथें बसून आपल्या मूळ देशांतील धन्याची चाकरी करावी कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ राज्यांच्या सरहद्दीवर उपस्थित झाला आहे. संगणक व आंतरजाल हीं साधनें हातीं आल्यापासून लेखनिक, हिशेबनीस, भाषांतरकार, नकाशे काढणारे, अशा अनेकांस आपलें काम बरोबर घेऊन फिरतां येतें. धनी एका देशांत, काम करणारा दुसऱ्या देशांत, आणि वेतन जमा होतें तें पहिल्या देशांतील पेढीवर, अशी ही स्थिति आहे. अशा मनुष्यास प्रवासी म्हणावें कीं नोकर म्हणावें? प्रश्न आजचा दिसतो आणि वकिलांनीं त्याची चर्चा आजचाच म्हणून चालविली आहे. परंतु त्याचीं मुळें जुन्या कागदांत गेलेलीं आहेत. ज्यांस दस्तकें, कौलनामे व सनदा यांतील शब्द तोलून वाचण्याची संवय आहे, त्यांना हा गुंता इतरांपेक्षां लवकर उलगडेल असें वाटल्यावरून प्रस्तुत टिपण येथें देत आहें.

प्रवासाच्या कोणत्याहि परवान्यांत तीन गोष्टी येऊं शकतात: कोण जात आहे, कोठून कोठें जात आहे, आणि कशासाठीं जात आहे. पहिल्या दोहोंचा उल्लेख फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत मुद्राध्यक्षाचें प्रकरण आहे. एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत यावें किंवा बाहेर जावें. जनपदांतला मनुष्य मुद्रेवांचून आढळल्यास बारा पण दंड. मुद्रा खोटी असल्यास पूर्वसाहसदंड, आणि ती बाळगणारा परमुलखाचा असल्यास उत्तमसाहसदंड. अशी तेथें व्यवस्था आहे. मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे दिलें आहे. ह्या प्रकरणांत प्रवासाचा हेतु विचारलेला नाहीं. उद्योगाचा विचार पुढें नागरिकाच्या प्रकरणांत येतो, आणि तोहि निराळ्या वाटेनें. कारागिरांनीं आपल्या धंद्याच्या माणसांस आपल्या कामाच्या जागीं उतरवून घ्यावें, व्यापाऱ्यांनीं व्यापाऱ्यांस उतरवून घ्यावें, धर्मशाळेंतील माणसांनीं पांथस्थाची वर्दी देऊन मगच त्यास राहूं द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे परका मनुष्य काय उद्योग करणार हें त्याच्या मुद्रेवरून कळत नसे. तो कोणाच्या दारीं उतरला यावरून कळे.

आपल्या दप्तरांतील दस्तकांचा मजकूर वाचकांच्या परिचयाचा आहे. अमुक इसम अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणीं जात आहे, बरोबर माणसें इतकीं, जनावरें इतकीं, ओझें इतकें. वाटेंत चौकीपहाऱ्यानें मुजाहीम न होणें. यात्रेचा उल्लेख असला तर तो जकातीची माफी कां, एवढें सांगण्यापुरता. यात्रेस गेलेल्या ब्राह्मणानें तेथें अनुष्ठान करून दक्षिणा मिळविली, किंवा पोथी उतरून देऊन चार रुपये गांठीस बांधले, तर त्यानें दस्तकाचा भंग केला असें कोणी म्हटलें नसतें. वरसईचे विष्णुभट गोडसे इ. स. १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले ते मुख्यतः द्रव्यार्जनासाठीं; तीर्थयात्राहि त्याच प्रवासांत पदरीं पडली. यात्रा आणि कमाई यांत त्या पिढीस विरोध दिसत नव्हता.

विरोध दिसूं लागतो तो जकातीच्या बाबतींत, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला बंगालचा आहे. फर्रुखसियर बादशहाच्या १७१७ च्या फर्मानानें ईस्ट इंडिया कंपनीस सालिना तीन हजार रुपयांच्या मोबदल्यांत बंगाल्यांतील जकात माफ झाली. कंपनीच्या मालाबरोबर कंपनीच्या अधिकाऱ्याचें दस्तक असे व तें पाहून चौकीवाले माल सोडीत. दस्तक कंपनीच्या मालाला होतें. परंतु कंपनीच्या नोकरांनीं तेंच दस्तक आपल्या खासगी व्यापाराला, आणि मीठ, सुपारी, तंबाखू असल्या देशांतल्या देशांत चालणाऱ्या मालालाहि लावण्यास सुरुवात केली. पुढें तर त्यांच्या गुमास्त्यांच्या हातींहि तें आलें. देशी व्यापारी जकात भरून माल विकणार आणि शेजारचा गुमास्ता न भरतां विकणार, असा प्रकार झाला. नबाब मीर कासीमानें तक्रार केली. १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्टनें मोंगीर येथें त्याच्याशीं शेंकडा नऊ जकातीचा ठराव केला, परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलानें तो फेटाळला. तेव्हां १७६३ सालीं नबाबानें सर्वांचीच जकात उठविली, म्हणजे देशी व्यापारी व इंग्रज एका पायरीवर आले. कंपनीच्या नोकरांस हेंच सहन झालें नाहीं, आणि त्यांतून जी लढाई लागली तिचा शेवट १७६४ मध्यें बक्सारला झाला. एका कामासाठीं दिलेला परवाना दुसऱ्या कमाईला लावला म्हणजे स्थानिक माणसाच्या पोटावर पाय कसा येतो, हें ह्यावरून दिसतें. परवान्यावर हेतु लिहिण्याचा आग्रह हा केवळ कारकुनी खोडसाळपणा नव्हे, एवढें येथें ध्यानांत ठेवावें. कारण पुढील विवेचनांत माझा कल बराचसा प्रवाशाच्या बाजूचा आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांत व अमेरिकेंत पारपत्रावांचून पुष्कळ हिंडतां येत असे. १९१४ नंतर तें संपलें. लढाईपुरते म्हणून घातलेले निर्बंध लढाई संपल्यावर कायम झाले. इंग्लंडांत १९२० च्या हुकुमानें मजुरीस येणाऱ्या परकीयासाठीं मजूर खात्याचा परवाना लागूं लागला. हिंदुस्थानांत त्याच सालीं पारपत्राचा कायदा झाला. आणि राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९२० मध्यें पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें पारपत्राच्या पुस्तिकेचा एक नमुना ठरवून दिला. याच सुमारास 'कशासाठीं' हा तिसरा रकाना परवान्यांत पहिल्या दोहोंच्या बरोबरीनें येऊन बसला. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यानें देशोदेशींच्या लोकांस वस्तीसाठीं येण्याचे वार्षिक कोटे बांधून दिले, आणि कोट्याबाहेर कोणास येतां येईल हें सांगतांना तिसऱ्या कलमांत पर्यटक म्हणून किंवा व्यवसायासाठीं वा मौजेसाठीं तात्पुरता येणारा परकीय, असे शब्द घातले. ह्यांतील 'व्यवसाय' ह्या शब्दानें पुढें बरेंच रण माजविलें.

तें रण नायगारा नदीवर झालें. नदीच्या एका तीरावर कानडा, दुसऱ्या तीरावर न्यूयॉर्क संस्थान. कानडाच्या बाजूस स्वस्ताईनें राहून रोज सकाळीं नदी ओलांडावी, अमेरिकेंतल्या कारखान्यांत दिवसभर राबावें आणि रात्रीं घरीं परतावें, असा कित्येक मजुरांचा क्रम होता. १ एप्रिल १९२७ च्या एका खात्याच्या हुकुमानें अशा मजुरांना तात्पुरते पाहुणे न मानतां वस्तीस येणारे मानावें असें ठरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्कॉटलंडांत जन्मलेली, सुताच्या गिरणींत रिळें भरण्याचें काम करणारी एक बाई आणि इटलींत जन्मलेला एक मजूर, दोघेहि कानडांत राहणारे, ह्यांना नायगाऱ्याच्या नाक्यावर अडविण्यांत आलें. आम्ही व्यवसायासाठीं तात्पुरते येत आहोंत, कायद्यांत तसें लिहिलें आहे, असें त्यांचें म्हणणें. कनिष्ठ न्यायालयानें त्यांचा अर्ज काढून टाकला, अपील न्यायालयानें तो उचलून धरला, आणि ८ एप्रिल १९२९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. कार्नूथ खटला ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे.

निकालाची रीत आपल्या अभ्यासकांस आवडण्याजोगी आहे. न्यायमूर्ति सदरलँड ह्यांनीं शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून लावला. पर्यटक, मौज, तात्पुरतें येणें, ह्या शब्दांच्या पंक्तीला बसलेला 'व्यवसाय' म्हणजे कांहीं व्यापारी स्वरूपाचा व्यवहार असला पाहिजे. रोजंदारीची मजुरी त्यांत बसत नाहीं. मीमांसक ज्याला संनिधि म्हणतात तशाच प्रकारची ही युक्ति आहे. दुसरें प्रमाण त्यांनीं कायद्याच्या प्रयोजनावरून घेतलें: आगमनावरील निर्बंधांचा एक मोठा हेतु देशांतील मजुराचें बाहेरच्या मजुरापासून संरक्षण करणें हा होता, मग मजुरीसाठीं रोज येणाऱ्याला पाहुणा म्हटल्यास कायद्याचें प्रयोजनच बुडेल. उलट पक्षानें १७९४ चा जे ह्याचा तह पुढें केला होता. त्याच्या तिसऱ्या कलमानें उभय बाजूंच्या प्रजाजनांस सरहद्द मोकळेपणें ओलांडण्याचा व व्यापार करण्याचा हक्क दिलेला होता. १८१२ च्या युद्धानें तें कलम रद्द झालें, असें न्यायालयानें ठरविलें. एकशें पसतीस वर्षांपूर्वींचा कागद दोन गरीब माणसांच्या रोजीसाठीं न्यायालयांत यावा आणि मध्यें झालेल्या लढाईनें तो मेला असें ठरावें, ह्यांत सनदांच्या अभ्यासकांस पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

ह्या प्रकरणाची एक पुरवणी आहे. जे मजूर एकदां रीतसर वस्तीचा परवाना काढतील त्यांना नदीपलीकडे राहूनहि रोज येऊं द्यावें, अशी सोय खात्यानें केली. म्हणजे जो कधीं अमेरिकेंत रात्रींचा राहिलाच नाहीं तो कागदोपत्रीं अमेरिकेचा रहिवासी, आणि रोज संध्याकाळीं स्वतःच्या घरीं जातो तो परदेशच्या तात्पुरत्या सफरीवर! ही कल्पित गोष्ट १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि मान्य केली. कायद्यांतील शब्द आणि माणसांचें वागणें जुळेनासें झालें कीं कारकुनाला अशा कल्पना लढवाव्या लागतात. आपल्या वतनी कागदांतहि त्यांची वाण नाहीं.

कार्नूथ खटल्यांत हात आणि वेतन दोन्ही अमेरिकेंतच होतीं. मजूर राबला तेथें आणि मजुरी मिळाली तीहि तेथें. म्हणून दोहोंपैकीं कोणत्या गोष्टीवर निकाल उभा आहे हें सांगण्याची न्यायालयास गरज पडली नाहीं. ती गरज छत्तीस वर्षांनीं एका शिंप्यामुळें पडली. मध्यंतरीं १९५२ च्या कायद्यानें पाहुण्याची व्याख्या नव्यानें लिहून, कुशल वा अकुशल श्रम करण्यास येणारा पाहुणा नव्हे असें स्पष्ट घातलें होतें. हाँगकाँगच्या एका कपडे शिवणाऱ्या पेढीचा माणूस व्यवसायाच्या व्हिशावर अमेरिकेंत आला. गिऱ्हाइकांचीं मापें घ्यावीं, मागण्या हाँगकाँगला पाठवाव्या, कपडे तिकडे शिवून गिऱ्हाइकाकडे यावे, असा त्याचा क्रम. माप घेणें हें कसबाचें काम आहे, तें अमेरिकेच्या भूमीवर होतें, तेव्हां हे श्रमच होत, असें खात्याचें म्हणणें पडलें. हिरा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या वादांत अपील मंडळानें १९६५ सालीं शिंप्याच्या बाजूनें निर्णय दिला, आणि १९६६ मध्यें ॲटर्नी जनरलनें तो कायम केला. कारण असें दिलें कीं, धंद्याचें मुख्य ठिकाण आणि नफा शेवटीं जेथें जमा होतो तें ठिकाण हीं परदेशांत आहेत. अमेरिकेंत होतें तें त्या परदेशी धंद्याचें एक आनुषंगिक अंग आहे.

दूरच्या चाकरीच्या प्रश्नाची गुरुकिल्ली माझ्या मतें ह्या शिंप्याच्या टेपांत आहे. हात कोठें चालतो, हें एक माप. फळ कोठें पडतें, हें दुसरें माप. शेंकडों वर्षें हीं दोन्ही मापें एकच उत्तर देत असल्यामुळें कायदे लिहिणारांनीं त्यांत भेद केला नाहीं. हिरा प्रकरणानें दुसरें माप श्रेष्ठ मानलें. त्या न्यायानें पाहिलें तर, नायगाऱ्याच्या काठीं चार दिवस सहलीस येऊन रात्रीं आपल्या गांवच्या कचेरीचा हिशेब पुरा करणारा मनुष्य मजूर ठरत नाहीं. कारण त्याच्या हिशेबामुळें अमेरिकेंतल्या कोणा हिशेबनीसाची जागा गेली नाहीं. तथापि हा न्याय व्यवसायाच्या व्हिशापुरता झाला आहे आणि १९५२ च्या कायद्यांत पर्यटक आणि व्यावसायिक हे दोन हेतु निरनिराळे लिहिले आहेत, ही गोष्ट विसरतां कामा नये. हिरा प्रकरणाच्या आधारें मौजेच्या व्हिशावर हवें तें काम करतां येतें असें जे कित्येक सांगतात, ते निर्णयाला नसलेलें शेपूट जोडतात.

शिवाय त्याच १९५२ च्या कायद्यांत दुसऱ्या मापाच्या उलट जाणारा एक शब्दसमूह आहे, व त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. परदेशी वृत्तपत्रें, नभोवाणी, चित्रपट ह्यांचे प्रतिनिधि आपल्या धंद्यासाठीं येत असतील तर त्यांनाहि पाहुण्याच्या व्याख्येंतून वगळलें असून त्यांच्यासाठीं निराळा वर्ग केला आहे. बातमीदाराची स्थिति विचारांत घ्यावी. त्याचा धनी परदेशीं, पगार परदेशीं, वाचक परदेशीं. स्थानिक माणसाच्या भाकरीला त्याचा हात लागत नाहीं. फळाच्या मापानें तो शिंप्यापेक्षांहि निर्दोष आहे. तरी त्याला निराळा परवाना! याचें कारण पोटाच्या काळजीत सांपडणार नाहीं. तें लेखणीच्या भयांत आहे.

हें भय आपल्या वाचकांस नवें नाहीं. दिल्लींत राहून पुण्याच्या पगारावर पुण्याला बातमी लिहिणारे हिंगणे घराण्यांतील वकील हे ह्या अर्थानें परदेशीं बसून घरची चाकरी करणारेच होते. भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केलेल्या हिंगणे दप्तरांतील पत्रें म्हणजे त्या चाकरीचें फलित होय. वकिलाला दरबारांत उघड मान असे, पण त्याच्या जासुदांवर व पत्रांवर नजरहि असे. आणि यजमान दरबाराशीं बिनसलें म्हणजे पहिला धक्का त्यालाच बसे. वकील, अखबारनवीस, सावकाराचा गुमास्ता ह्यांना कोणी यात्रेकरूंत मोजत नव्हतें, जरी त्यांच्यामुळें दिल्लीच्या कोणा कारकुनाची रोजी बुडाली नव्हती. तात्पर्य, परक्याच्या उद्योगाविषयीं राज्यकर्त्यांच्या मनांत दोन निरनिराळ्या चिंता पूर्वींपासून आहेत. एक आपल्या प्रजेच्या पोटाची, दुसरी आपल्या गोष्टी बाहेर जाण्याची. आजचा दूरस्थ काम करणारा पहिल्या चिंतेंतून सुटतो. दुसरींतून तो सुटतो कीं नाहीं हें तो काय लिहितो यावर राहील.

तिसरी चिंता खजिन्याची. येथें तर पहिलें मापच राज्य करतें. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यानें चाकरी भारतांत बजावली असेल तर तिचा पगार भारतांत उपजला असें धरलें, मग तो कोठेंहि मिळो. त्याला अपवादहि त्याच कायद्यांत होता: परदेशी पेढीच्या नोकराचा भारतांतील मुक्काम वर्षांत एकंदर नव्वद दिवसांपेक्षां अधिक नसेल, ती पेढी भारतांत कांहीं धंदा करीत नसेल, आणि तो पगार भारतांत कर लागणाऱ्या उत्पन्नांतून वजा घातला जात नसेल, तर कर माफ. पुष्कळशा देशांमधील करारांत हीच मुदत एकशें त्र्यांशीं दिवसांची असते. म्हणजे नाक्यावरचा अंमलदार ज्याला काम मानीत नाहीं, त्यालाच कराचा अंमलदार काम मानूं शकतो. एकाच सरकारचीं दोन दप्तरें एकाच मनुष्याला दोन नांवांनीं ओळखतात. पेशवाईंतल्या फडनिशी व पोतनिशी कागदांचा ताळा घालणारांस ह्याचें नवल वाटणार नाहीं.

आतां निरनिराळ्या देशांनीं काय केलें तें थोडक्यांत पाहूं. नायगाऱ्याच्या कानडी तीरावर २००२ च्या नियमांत काम म्हणजे वेतन वा दलाली मिळते तें, किंवा देशांतील मजुरीच्या बाजारांत तेथील लोकांशीं प्रत्यक्ष स्पर्धा करतें तें, अशी व्याख्या आहे. तिच्या पूर्वार्धाप्रमाणें पाहूं गेल्यास दूरची चाकरी हेंहि काम ठरेल. परंतु धनी व वेतन दोन्ही कानडाबाहेर असल्यास टेलिफोन वा आंतरजाल यांच्या द्वारां केलेलें काम हें काम नव्हे, असा खुलासा तेथील खात्यानें आपल्या अंमलदारांसाठीं केला आहे. सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, २००८ च्या कायद्यानें ह्याच्या अगदीं उलट टोंक गाठलें होतें: शक्ति किंवा ज्ञान खर्चून केलेली कृति म्हणजे काम, मग वेतन मिळो वा न मिळो. ही व्याख्या अक्षरशः लावल्यास खोलींत बसून घरच्या धन्यास पत्र लिहिणाराहि सांपडला असता. २०२० च्या साथींत प्रवासी येईनासे झाले तेव्हां बार्बाडोसनें व एस्टोनियानें दूरस्थ काम करणारांसाठीं निराळेच परवाने काढले, आणि पुष्कळांनीं त्यांचा कित्ता गिरविला. थायलंडानेंहि २०२४ मध्यें तसा परवाना सुरू केला. माझ्या मतें निराळा परवाना काढल्यानें मूळ प्रश्न सुटत नाहीं. साध्या पाहुण्यानें काय करावें हें तसेंच संदिग्ध राहतें, किंबहुना निराळा परवाना आहे त्या अर्थीं साध्याला मनाई आहे, असा तर्क करण्यास जागा होते.

इंग्लंडानें ३१ जानेवारी १९२४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांच्या नियमांतच वाक्य घातलें: पाहुण्यास आपल्या परदेशच्या नोकरीचें काम येथून करतां येईल, मात्र तें येण्याचें मुख्य कारण नसावें. न्यूझीलंडानें २७ जानेवारी २०२५ पासून पाहुण्याच्या व्हिशावर परदेशी धन्याचें दूरस्थ काम करण्यास मोकळीक दिली, आणि नव्वद दिवसांवर मुक्काम गेल्यास कराचा विचार प्रवाशानें स्वतः करावा असें बजावलें. हे दोन्ही कागद मला सर्वांत सरळ वाटतात. त्यांनीं फळाचें माप पत्करलें तें स्पष्ट शब्दांनीं पत्करलें. इंग्लंडच्या नियमांतील 'मुख्य कारण' हा शब्द मात्र पुढें वाद माजवील. सहा महिन्यांच्या मुक्कामांत रोज आठ तास काम करणारा मनुष्य सहलीस आला आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास सदरलँडसाहेबांसारखा कोणी तरी बसावा लागेल.

भारताकडे वळूं. पर्यटनाच्या व्हिशाचे हेतु यादीनें दिलेले आहेत: मनोरंजन, स्थलदर्शन, आप्तेष्टांची सहज भेट, अल्पकालाचा योगवर्ग, भाषा, संगीत वा नृत्य ह्यांचा अल्प अभ्यास, बिनवेतनाची थोडक्या दिवसांची सेवा, इत्यादि. परदेशच्या धन्याची चाकरी येथून करण्याचें नांव त्या यादींत नाहीं. यादीवजा परवान्याचा अर्थ लावतांना जें लिहिलें नाहीं तें दिलें नाहीं, हाच नियम सुरक्षित होय. आणि गोमंतकाच्या किनाऱ्यावर भाड्याच्या घरांत बसून युरोपांतल्या कचेरीचें काम उरकणाऱ्या परदेशी पाहुण्याला कोणी हटकलें नाहीं म्हणून तें दिलें आहे असें होत नाहीं. १९४६ च्या परकीयांच्या कायद्याखालीं व्हिशाची अट मोडणारास पांच वर्षांपर्यंत कैद होती. तो कायदा, १९२० चा पारपत्राचा कायदा आणि आणखी दोन कायदे रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून जो नवा कायदा अमलांत आला, त्यांत ही शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. शिक्षा कायद्यांत, पण कोणतें कृत्य अटीबाहेरचें तें खात्याच्या यादींत, अशी ही वांटणी आहे. पाहुण्याच्या दृष्टीनें धोका आहे तो येथेंच.

हा धोका आपल्या क्षेत्रापासून लांब नाहीं. परदेशी विद्यापीठाचा एखादा अध्यापक सुट्टींत पर्यटक म्हणून येतो, एखाद्या मठांत वा खासगी संग्रहांत चार दिवस बसून पोथीचीं छायाचित्रें घेतो आणि पाठभेद आपल्या विद्यापीठाकडे धाडतो. वेतन त्याचें तिकडे, ग्रंथ निघणार तिकडे. फळाच्या मापानें तो हाँगकाँगच्या शिंप्याचा भाऊच आहे. परंतु भारतांत संशोधनासाठीं निराळा व्हिसा आहे आणि बातमीदारासाठींहि निराळा आहे. तेव्हां पोथी पाहण्याला स्थलदर्शन म्हणावें कीं संशोधन, ह्या एका शब्दावर त्याची सुटका लटकते. संग्रहाच्या मालकावरहि कांहीं जबाबदारी येतेच. पाहुण्यास घरीं उतरवून घेण्यापूर्वीं त्याची ओळख पटवावी ही कौटिल्याची शिस्त अद्याप जुनी झालेली नाहीं. संग्राहकांनीं अशा अभ्यासकास पोथी दाखविण्यापूर्वीं व्हिशावरचा हेतु वाचून पाहावा, आणि तो पर्यटनाचा असल्यास पुढील खेपेस संशोधनाचा परवाना काढून येण्यास सुचवावें. त्यांत पोथीचेंहि नुकसान नाहीं आणि पाहुण्याचेंहि नाहीं. उलट इंग्लंडांत ब्रिटिश लायब्ररींतील मराठी कागद पाहण्यास जाणाऱ्या आपल्या अभ्यासकाची वाट २०२४ च्या नियमांनीं बरीच सोपी केली आहे. तेथें बसून त्यानें आपल्या येथील संस्थेचीं मुद्रितें तपासून धाडलीं तरी कोणी त्यास अडवूं नये, असा त्या वाक्याचा अर्थ होतो.

आतां राहिली एक सूचना. हा सर्व इतिहास पारपत्रांच्या पानांवर उमटलेल्या शिक्क्यांत आहे. इंग्लंडांत उतरणाऱ्या पाहुण्याच्या पारपत्रावर एके काळीं सहा महिन्यांची परवानगी व नोकरीस मनाई असे शब्द छापून येत. पुढें त्यांचा मजकूर बदलला. आणि २०१९ पासून अमेरिका, जपान आदिकरून कित्येक देशांच्या प्रवाशांसाठीं यंत्राचे दरवाजे उघडल्यावर त्यांच्या पानावर शिक्का उमटणेंच बंद झालें. युरोपांतील शेंगेन देशांनींहि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजीं यंत्रांतील नोंद ठेवण्यास क्रमाक्रमानें आरंभ केला आहे. मुदत संपलेलीं पारपत्रें आपल्याकडे कोपरा कापून परत मिळतात व बहुधा पेटींत तळाशीं पडून राहतात. ज्या घरांतून गेल्या शंभर वर्षांत कोणी आफ्रिकेस, विलायतेस वा अमेरिकेस गेलें असेल, तेथील अशीं पारपत्रें जुन्या दस्तकांच्या रुमालाशेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचीं आहेत. जमल्यास प्रत्येक शिक्क्याची तारीख, नाका आणि अटीचे शब्द यांची यादी करून ठेवावी. अटीच्या शब्दांत केव्हां काय फरक पडला तें त्यावरून सालवार लावतां येईल.